पाच चित्रांची एक खाट

रजई अर्धी खोळीत गेली होती आणि तिच्या मागोमाग जुळारीही. म्हणजे डोकं, दोन्ही हात आणि कमरेपर्यंतचा सगळा देह खोळीच्या आत होता. बाहेर दिसत होता तो फक्त पायजमा. आतून आवाज आला, "डावा कोपरा मिळाला. तू धरलास का?"

"धरते हो," बायको म्हणाली. "पण डावा म्हणजे तुमचा की माझा?"

"डावा म्हणजे डावा."

"तुमचं तोंड माझ्याकडे आहे. तुमचा डावा तो माझा उजवा. कोणता धरू ते तरी सांगा, नाहीतर बाहेर या. सुनेच्या खोलीतलं सगळं आवरायचंय अजून."

सुनेचे दिवस भरले होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आजच येऊन दाखल व्हा, संध्याकाळपासून लक्ष ठेवायला हवं. मुलगा तिला घेऊन सकाळीच जवळच्या प्रसूतिगृहात गेला होता. घाई नव्हती. खिडकीजवळची खाट आधीच राखून ठेवलेली, त्याची पावती मुलाच्या खिशात. एकूण सगळं कसं जिथल्या तिथं होतं, आणि असं असलं की जुळारीला माणसासारखी भूक लागायची.

तेवढ्यात फोन वाजला. खोळीतून बाहेर येईपर्यंत तो दोनदा वाजून थांबला आणि तिसऱ्यांदा वाजला, म्हणजे ऑफिसातल्या मॅडम असणार हे बायकोनं न बघता ओळखलं.

"आज सुट्टी आहे हे मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या, "पण उद्या उद्घाटन आहे हे तुम्हालाही माहीत आहे. सगळे आलेत. तुमची एक सही राहिलीय. या."

जुळारी शर्ट चढवून निघाला. एक कोपरा बसलेली आणि तीन कोपरे लोंबणारी रजई बायकोनं तशीच पलंगावर टाकली आणि सुनेची पिशवी भरायला घेतली.

जुळारी हे त्याचं नाव नव्हे. वडील कारखान्यात जुळारी होते. लोखंडाचे दोन तुकडे कानस मारून मारून असे एकमेकांत बसवायचे की मधून केसही जाऊ नये. हा शिकला आणि कॉम्प्युटरच्या ऑफिसात लागला. तिथं काय करतोस, असं थोरल्या बहिणीनं विचारलं तेव्हा म्हणाला, "ताई, पाच खोल्यांत पाच जण एकाच गोष्टीची पाच चित्रं काढतात. ती एकमेकांशी जुळतात का ते मी बघतो."

"म्हणजे चित्र तू काढत नाहीस?"

"नाही."

"ती गोष्ट तू बनवत नाहीस?"

"नाही."

"आणि चित्रं जुळली नाहीत तर?"

"तर मी तसं कळवतो."

ताई आईकडे वळली. "ऐकलंस का? ह्याला कळवायचा पगार मिळतो. मी आयुष्यभर फुकट कळवत आले." आणि त्या दिवसापासून घरादाराला, आळीला आणि पुढं ऑफिसातही तो जुळारी झाला.

स्वभाव मात्र नोकरीच्या आधीपासूनचा. लग्न ठरत होतं तेव्हा ह्या पठ्ठ्यानं मुलीचं वय तिच्या काकांना, मावशीला आणि मध्यस्थाला वेगवेगळं गाठून विचारलं. तीन उत्तरं आली. ती त्यानं मुलीसमोरच मांडली. मुलगी जराही बावरली नाही. म्हणाली, "काकांना मी शाळेत केव्हा गेले ते आठवतं. मावशीला मी जन्मले केव्हा ते आठवतं. आणि मध्यस्थांना तुम्हाला काय चालेल ते आठवतं." तो तिथल्या तिथं विरघळला. अशी मुलगी घरात आली तर जुळवायचं निम्मं काम हलकं होईल, असं त्याला वाटलं, आणि देवकृपेनं ते खरंही ठरलं.

घरात न्हाणीघराचा नळ गळू लागला, की नळवाला म्हणायचा वायसर, बायको म्हणायची बादली, खालचा शेजारी म्हणायचा छत. जुळारी तिघांच्या मध्ये उभा राहून तिघांचं शांतपणे ऐकायचा आणि शेवटी सांगायचा, "तुम्ही तिघंही एकाच थेंबाबद्दल बोलताय." बायको म्हणायची, "थेंबाबद्दल आम्ही बोलतोच आहोत, तुम्ही तेवढा वायसर आणा."

देवानं माणसाला दोनच डोळे दिले आणि तेही एकाच बाजूला लावले. सगळीकडून एकदम बघण्याचं काम त्यानं स्वतःकडे ठेवलं, आणि त्यात आपल्यावर काही अन्याय झाला असं म्हणता येणार नाही. अडचण एवढीच, की जुळारीच्या ऑफिसानं ते काम जुळारीकडे दिलं होतं, आणि त्यासाठी दिली होती रंगीत पेन्सिलींची एक डबी आणि एक खोडरबर.

काम मोठं होतं. शहरातली सगळी प्रसूतिगृहं कॉम्प्युटरनं एकमेकांना जोडायची. कुठल्याही प्रसूतिगृहाच्या खिडकीवर उभं राहावं आणि शहरातली कुठलीही रिकामी खाट राखून घ्यावी. दारोदार हिंडायला नको, ओळख काढायला नको. चांगलंच काम की. त्याची चाचणी दोन ठिकाणी चालू होती, एक जवळचं प्रसूतिगृह आणि एक पुलापलीकडचं.

एवढी मोठी यंत्रणा एका माणसाच्या डोक्यात मावत नाही, म्हणून ती पाच खोल्यांत वाटली होती. पहिल्या खोलीत उद्देशवाले बसायचे. कोणाला काय हवं आणि कशासाठी, एवढंच त्यांच्या चित्रात. हसरी आई, हसरी परिचारिका, मध्ये एक बाण. दुसऱ्या खोलीत नोंदवाल्या बाई: काय लक्षात ठेवायचं ते त्या ठरवायच्या. खाट, बाई, तारीख, सगळं चौकटीत. तिसऱ्या खोलीत विचारणावाला. यंत्रणेचा कुठला भाग कुठल्या भागाला काय विचारतो आणि त्याला काय उत्तर मिळतं, हे तो काढायचा. चौथ्या खोलीत तारवाली. कुठला भाग कुठल्या इमारतीत बसणार, मधून लाइन कशी जाणार, हे तिच्याकडे. पाचव्या खोलीत पेटीवाले, ज्यांना प्रत्यक्ष यंत्रं विकत घ्यायची होती आणि जे यंत्राच्या किमतीशिवाय दुसरं काही बोलत नसत.

हे काही वेडेपण नव्हे बरं का. ज्यानं नळ बसवायचा त्याला भिंतीचा रंग सांगून काय उपयोग? प्रत्येकानं आपल्याला लागेल तेवढं बघावं आणि बाकीचं झाकून ठेवावं, तरच कामं होतात. झाकण्यात वाईट काही नाही. आपण दुधाच्या पातेल्यावरही झाकण ठेवतो. पण झाकलं म्हणजे आत दूध नाहीच असं धरून जो गॅसपासून दूर जातो, त्याला नंतर ओटा पुसावा लागतो.

इथं झालं असं, की वर्षभरात प्रत्येक खोलीला वाटू लागलं, खरी यंत्रणा ती आपलीच. बाकीचे चौघं उगाच आपल्याच गोष्टीची वेडीवाकडी नक्कल काढत बसलेत. उद्देशवाले तर तारवालीला भेटले की "अजून वायरीच का?" असं विचारायचे, जसं एखाद्या लग्न न झालेल्या मुलीला विचारावं तसं.

ह्यावर उपाय म्हणून मॅडमनी एक नियम केला आणि तो पाचही खोल्यांच्या दारावर लावला. एका चित्रात जे आहे ते पाचही चित्रांत असलं पाहिजे. ज्याला बाकीच्या चित्रांत जोडीदार नाही, ते पुसलं जाईल. नियम सोपा होता आणि सगळ्यांना आवडला, कारण प्रत्येकाला वाटलं, पुसलं जाईल ते दुसऱ्याचं.

आणि गेल्या आठवड्यात तारवालीच्या चित्रात एक कात्री सापडली.

दोन प्रसूतिगृहांना जोडणाऱ्या रेघेवर, अगदी मधोमध, तिनं लाल पेन्सिलीनं छोटीशी कात्री काढली होती. जुळारीनं बाकीची चारही चित्रं धुंडाळली. कात्रीला जोडीदार नव्हता. नियमाप्रमाणे बैठक बसली.

"ही कात्री कशाची?" मॅडमनी विचारलं.

"लाइन तुटते त्याची," तारवाली म्हणाली. ती मुळात कमी बोलायची.

"कधी तुटते?"

"खोदकाम, उंदीर, वारा. कधीही."

"मग?"

"दोन्ही खिडक्यांवर खाटांच्या यादीची एकेक कॉपी आहे. लाइन चालू असेपर्यंत त्या एकमेकींना विचारून चालतात. तुटली की प्रत्येक खिडकी आपलीच कॉपी खरी मानते. शेवटची रिकामी खाट दोन्ही खिडक्या देऊन बसतील."

उद्देशवाले प्रेमानं हसले. "आमच्या चित्रात लाइनच नाही. तुटणार काय?"

"आणि दोन कॉप्या कुठून काढल्यात?" नोंदवाल्या बाई म्हणाल्या. "माझ्याकडे शहराची यादी एकच आहे. खाट एक तर रिकामी, नाहीतर भरलेली. तिसरं काही नाही."

"एक यादी दोन ठिकाणी ठेवली की दोन होतात."

"ते तुम्ही ठेवताना झालं. माझ्याकडून निघाली तेव्हा एकच होती."

विचारणावाला म्हणाला, "माझ्या चित्रात खिडकी विचारते आणि उत्तर येतं."

"आणि नाही आलं तर?"

"तर परत विचारते."

"परत नाही आलं तर?"

"ताई, तुमचं आपलं नेहमी वाकड्यातच शिरतं."

पेटीवाल्यांनी सांगितलं की वायर नवी आहे आणि वॉरंटीत आहे. वॉरंटीत तुटली तर कंपनी बदलून देते. तेवढे दिवस बाळानं थांबायचं का, असं तारवालीनं विचारलं. त्यावर पेटीवाले म्हणाले, बाळ आमच्या चित्रात नाही.

मॅडमनी बोटं मोडली. "चार चित्रांत कात्री नाही, एकात आहे. ताळमेळ कसा बसवायचा?"

सगळ्यांनी जुळारीकडे बघितलं. आता एक खूण पुसायची की चार चित्रं बदलायची, असा तो हिशेब होता, आणि उद्घाटन तोंडावर आलेलं. त्याच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की खोडरबर आधीपासूनच त्याच्या हातात होता. त्यानं कात्री पुसली. लाल रंग थोडा पसरला, तोही त्यानं नीट काढला.

तारवालीनं आपली पर्स उचलली. "कागदावरची गेली," ती म्हणाली आणि खोलीत निघून गेली.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, पाचही चित्रं पहिल्यांदाच तंतोतंत जुळली. बायकोनं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "म्हणजे आता लाइन तुटणार नाही?" तो डबा धुवायला मोरीवर गेला. ती म्हणाली, "तेवढी कात्री ठेवायला हवी होती हो. हात कशासाठी जोडायचे ते तरी देवाला सांगता आलं असतं."

सुट्टीच्या दिवशी ऑफिस वेगळंच दिसतं. पंखा एकच चालू, चहा पाण्यासारखा, आणि टेबलावर उद्या कापायची फीत गुंडाळून ठेवलेली. पाचही जण हजर होते. समोर प्रमाणपत्र होतं: पाचही चित्रं परस्परांशी पूर्णपणे जुळतात, ह्याची खात्री करून घेतली आहे. खाली सहीची जागा. आज ही सही झाली आणि उद्या फीत कापली, की परवापासून शहरातलं प्रत्येक प्रसूतिगृह ह्याच यंत्रणेवर चालणार होतं.

"इथं," मॅडम म्हणाल्या.

जुळारीनं पेनचं टोपण काढलं आणि त्याचा फोन वाजला. मुलगा. एका हातात पेन, दुसऱ्यात टोपण, म्हणून त्यानं फोन टेबलावरच ठेवून करंगळीनं स्पीकर लावला, आणि त्यामुळे पुढचं सगळं सगळ्यांनीच ऐकलं.

"बाबा, खाटेवर बाई आहे."

"कोणती बाई?"

"दुसरीच कोणीतरी. मी आपली पावती दाखवली तर तिच्या सासूबाईंनीही पावती काढली. पुलापलीकडच्या खिडकीवरून घेतलेली. हीच खाट, आजचीच तारीख."

फोनमध्ये खरखर झाली, कोणीतरी तो मुलाच्या हातातून घेतला असावा. "कोण बोलताय? ऑफिसवाले का? बरे सापडलात. आमची पावती खरी, ह्यांचीही खरी, असं सिस्टर म्हणतात. मग दोन पोरींना काय उशापायथ्याला डोकी करून झोपवू?"

नोंदवाल्या बाई फोनकडे झुकल्या. "हे बघा, असं होऊच शकत नाही. एका खाटेवर एकच नोंद बसते."

"नोंद बसली असेल हो बाई. इथं माझी सून झोपलीय आणि कळा देतेय."

उद्देशवाल्यांनी घसा साफ केला. "मावशी, प्रसूतीचा अनुभव आनंदाचा व्हावा हाच आमचा उद्देश—"

"घेऊन या तो उद्देश इकडं! उशी कमी पडतेय, डोक्याखाली देते!"

विचारणावाला पुटपुटला, "खिडकीनं परत विचारायला हवं होतं." तिकडं सिस्टरनं ते ऐकलं. तिचा आवाज थकलेला पण खणखणीत होता. "विचारलं ना. परवा दुपारभर लाइन गेली होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चकती गोल गोल फिरत बसली आणि मग खिडकी बापडी आपल्या मनानंच 'ठीक आहे' म्हणाली. आम्ही पावती छापली. पलीकडेही तसंच झालं असणार."

पेटीवाले वहीत लिहू लागले, कंपनीला कळवणे.

मग सुनेचा आवाज आला. "बाबा, त्यांना राहू द्या खाटेवर. त्यांच्या कळा सुरू झाल्यात, माझ्या अजून नाहीत. मी खुर्चीत बसलेय, बरी आहे." ती जरा थांबली. "पण पाठ धरलीय. संध्याकाळपर्यंत कुठंतरी आडवं व्हायला हवं."

"इथं एकही रिकामी नाही," सिस्टर म्हणाली. "पुलापलीकडे एक रिकामी दिसतेय, पण ह्या पडद्यावर मी आता विश्वास ठेवणार नाही. फोन केला तर कोणी उचलत नाही. कोणीतरी जाऊन डोळ्यांनी बघून या. उगाच पोरीला रिक्षात घालून हिंडवू नका."

"मी बघून येतो," जुळारी म्हणाला. "तिला तिथंच राहू दे." फोन बंद झाला.

'मी सांगितलं होतं' असं तारवालीनं तोंडानं म्हटलं नाही, भुवयांनीही नाही. ती फक्त आपला चहा पीत राहिली, आणि तो चहा कोणी इतक्या सावकाश पिऊ शकेल असं त्या खोलीत कोणालाच वाटलं नव्हतं.

जुळारीनं पेनला टोपण लावलं आणि उभ्याउभ्याच बोलू लागला. घरी नळवाल्याशी बोलायचा त्याच आवाजात.

"लाइन तुटते. ही गोष्ट एकच आहे, पण ती प्रत्येकाच्या चित्रात वेगळी दिसणार. मी तुमच्या सगळ्यांच्या चित्रात कात्री शोधत होतो, तीच चूक झाली. उद्देशवाले, तुमच्या चित्रात लाइन नको. पण दोन खिडक्यांचं बोलणं बंद असेल तर शेवटची खाट कोणाला कबूल करायची की नाही, हे कोण ठरवणार? वायर ठरवणार का? ते तुम्हीच सांगायला हवं."

उद्देशवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच चित्राकडे नीट बघितलं.

"बाई, तुमच्याकडे खाट रिकामी किंवा भरलेली. तिसरी एक जात हवी: 'माहीत नाही'. आणि तुम्ही हो," तो विचारणावाल्याकडे वळला, "उत्तर आलं नाही हेसुद्धा एक उत्तर आहे, त्यावर खिडकीनं काय करायचं ते तुमच्या चित्रात हवं. गोल गोल फिरून मनानं ठीक म्हणायचं नाही. पेटीवाले, वायर तुटते एवढं कबूल करा, वॉरंटी असू द्या. मग ही चित्रं एकमेकांशी जुळतील. दिसायला सारखी नसतील, पण जुळतील. आज सगळी सारखी दिसताहेत आणि खुर्चीत माझी सून बसलीय."

नोंदवाल्या बाईंनी कोणाला दिसू नये अशा बेतानं कोपऱ्यात बारीक अक्षरात 'माहीत नाही' लिहून बघितलं. वाईट दिसत नव्हतं.

पण मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. "'माहीत नाही'? उद्या फीत कापली, पडदा उजळला, आणि पाहुण्यांना काय दिसणार? माहीत नाही?"

"लाइन तुटलेली असेल तर, हो."

"आणि पाहुण्यांनी विचारलं ही खाट रिकामी आहे की नाही, तर मी काय सांगू?"

"माहीत नाही म्हणून सांगा."

"अहो, मी विभागप्रमुख आहे!"

मग मॅडम खुर्चीत मागे रेलल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "आपण जरा वरच्या पातळीवरून बघू या." हे वाक्य त्या कुठल्याशा परिषदेतून शिकून आल्या होत्या. त्या ते म्हणाल्या की खोल्याखोल्यांतले लोक आपापले कागद छातीशी धरत. त्यांनी एक कोरा कागद घेतला. त्यावर पट्टीनं एक चौकट काढली. चौकटीत लिहिलं, व्यवस्था.

"हे कोणाला अमान्य आहे?"

कोणालाच नव्हतं.

उद्देशवाल्यांनी विचारलं, "कोपऱ्यात एक हसरा चेहरा काढू का?"

"नको. मग बाकीच्या चौघांनाही काढावा लागेल."

त्या कागदाच्या पाच झेरॉक्स निघाल्या. एकावर एक ठेवून मॅडमनी त्या खिडकीच्या उजेडात धरल्या. रेघेवर रेघ. केसही जाणार नाही.

"ह्यात लाइन कुठाय?" तारवालीनं विचारलं.

"आतच आहे."

"आणि खाट?"

"तीही आत."

"बाळंतीण?"

"सगळं आतच आहे, हाच तर ह्याचा फायदा," मॅडम म्हणाल्या आणि प्रमाणपत्र पुन्हा जुळारीपुढे सरकवलं. "आता तर काही हरकत नाही ना?"

"पाच कोरे कागदही असेच जुळतात, मॅडम. त्यासाठी माणूस ठेवावा लागत नाही."

"म्हणजे तुम्ही सही करत नाही?"

"नाही."

"मग उद्यापासून भांडारात बसा. तिथं टेबलखुर्च्यांवर नजर ठेवायला कोणीतरी हवंच होतं."

"बसतो. त्या निदान दिसतात."

मॅडमनी सही स्वतः केली. सही मात्र सुरेख होती, खाली दोन टिंबं आणि एक लांब फराटा. पेटीवाल्यांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि कोणी वाजवत नाही असं बघून ते चहाच्या कपाकडे नेले. नोंदवाल्या बाई आपला कोपरा पुसत होत्या, पण फार जोर लावून पुसत नव्हत्या.

जुळारी बाहेर पडला. जिन्यात तारवालीनं त्याला गाठलं. आता ही काय सुनावते, म्हणून तो थांबला.

"पुलापलीकडे गेलात की मागच्या दारानं शिरा," ती म्हणाली. "पुढच्या दारानं गेलात तर खिडकीवर पडदा दाखवतील. मागं खाटा आहेत."

"त्या दिवशी मी खोडायला नको होती," तो म्हणाला.

"नको होती," ती म्हणाली. "आता चला, नाहीतर ती खाट तिसऱ्याच कुणाला द्यायचे."

रस्त्यावर येऊन त्यानं घरी फोन लावला. बायकोला मुलाकडून सगळं कळलं होतं. ती पिशवी घेऊन प्रसूतिगृहात निघालीच होती.

"देवासमोर हात जोडून आलेय," ती म्हणाली. "दोघींचंही सुखरूप होऊ दे म्हटलंय. त्या पोरीचा काय दोष? तिची सासू फटकळ आहे म्हणे, पण आपल्या सुनेला उशी तिनंच दिली."

"आणि खाटेचं सांगितलंस का देवाला?"

"ते तुमचं काम. सगळं त्याच्यावर घालू नका. सही केलीत?"

"नाही."

"बरं केलंत. बाकीचं घरी बोलू. आता चालायला लागा."

फोन खिशात टाकून तो पुलाच्या दिशेनं वळला. पलीकडच्या प्रसूतिगृहात मागच्या दारानं शिरून एखादी खाट रिकामी आहे का ते बघायचं होतं, आणि असली, तर सून येईपर्यंत तिच्यावर बसून राहायचं होतं.